गल्ल्यातली तूट, तीन पोरं आणि लाय डिटेक्टर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. औषधांचं दुकान आहे, कामाला तिघं जण आहेत आणि गेले चार महिने गल्ल्यात दर आठवड्याला दोन-तीन हजारांची तूट येते. तिघांना एकेक करून आतल्या खोलीत बसवून विचारलंत. दोघांनी नजरेला नजर देऊन ‘नाही साहेब’ म्हटलं. तिसरा मान खाली घालून बसला, त्याला घाम फुटला, बोलताना अडखळला. एका मित्रानं सांगितलं की बॉडी लँग्वेजवरून सगळं कळतं. दुसऱ्यानं लाय डिटेक्टर करून देणाऱ्या खासगी एजन्सीचा नंबर दिला. आता तिसऱ्याला काढू, की तिघांची चाचणी करू, असं तुम्ही विचारताय.

तिसऱ्याला काढू नका. निदान एवढ्यावरून तरी नाही.

मी बावीस वर्षं न्यायवैद्यक मानसशास्त्रात काढली, त्यातली बरीचशी पॉलिग्राफच्या, म्हणजे लाय डिटेक्टरच्या, खोलीत. आता तपास अधिकाऱ्यांना चौकशीची मुलाखत कशी घ्यावी ते शिकवतो. लग्नकार्यात कुणी माझी ओळख ‘हे खोटं पकडतात’ अशी करून दिली की समोरचा माणूस खिशातला हात बाहेर काढतो, नाहीतर बाहेरचा खिशात घालतो. मी त्यांना सांगतो, निश्चिंत बसा, तुमच्या तोंडाकडे बघून मला तुमच्या बायकोपेक्षा जास्त काही कळत नाही. लोकांना हा विनय वाटतो, पण या विषयातल्या संशोधनाचे आकडेच तसे आहेत.

चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली तोवरच्या २०६ अभ्यासांची एकत्र मांडणी केली. २४ हजारांहून जास्त लोकांनी दुसऱ्याचं बोलणं ऐकून खरं की खोटं ते सांगितलं होतं. बरोबर आलेली उत्तरं सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के आली असती. त्यातही खरं बोलणं ओळखण्यात लोक ६१ टक्के बरोबर होते आणि खोटं ओळखण्यात अवघे ४७ टक्के. म्हणजे आपण मुळात समोरच्याला खरा मानून चालतो. टिमथी लेव्हीन या संशोधकानं पुढे यावरच आपला सिद्धांत उभा केला. आणि ते शहाणपणाचंच आहे. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाचं बोलणं रोज तपासत बसलो तर जगणं मुश्किल होईल.

‘पण पोलिसांना तर कळतं ना?’ हा पुढचा प्रश्न मला ठरलेला असतो. धंद्यानं खोटं पकडणारे लोक, म्हणजे पोलीस, कस्टमवाले, न्यायाधीश, सरासरीत सामान्य माणसापेक्षा फारसे सरस ठरलेले नाहीत. त्यांच्यात जास्त असते ती खात्री. आणि संशय घेण्याचा सराव झाल्यामुळे त्यांचा काटा उलट बाजूला झुकलेला असतो, खरं बोलणाराही त्यांना खोटा वाटू लागतो. माझाही काही वर्षं झुकला होता.

तो कसा झुकला होता ते सांगतो. एका संस्थेत कागदपत्रं गहाळ झाली होती आणि मला एका तरुण शिपायाशी बोलायचं होतं. खेड्यातून आलेला, विशीतला मुलगा. चाळीस मिनिटं त्यानं माझ्या टेबलाच्या पायाकडे बघून उत्तरं दिली. मी अहवालात ‘नजर चुकवतो, उत्तरं टाळतो’ असं लिहिलं. तीन आठवड्यांनी कागद दुसऱ्याच विभागाच्या कपाटात सापडले. चोरी झालीच नव्हती. त्या मुलाच्या घरी वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे उद्धटपणा होता. वडिलांसमोर, मास्तरांसमोर, पाटलासमोर नजर खाली, हे वळण त्याच्या अंगात मुरलेलं. आपणही लहानपणी ‘वर तोंड करून बोलतोस?’ हे ऐकलेलंच आहे, आणि तरी मी ते विसरलो होतो. बदली होईपर्यंत तो मुलगा मला दिसला की मीच नजर चुकवत होतो.

५८ देशांत लोकांना एक साधा प्रश्न विचारला गेला होता: कोणी खोटं बोलतंय हे तुम्हाला कशावरून कळतं? सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं, तो डोळ्यांत बघत नाही. जगात एवढं एकमत क्वचितच होत असेल, आणि ते चुकीच्या गोष्टीवर झालंय. डीपॉलो यांनीच २००३ साली १५८ वेगवेगळ्या खुणा तपासल्या होत्या: नजर, पापण्यांची उघडझाप, चुळबुळ, हातांची हालचाल, आवाजाची पट्टी, थांबणं, अडखळणं. बहुतेकांचा खोट्याशी संबंधच निघाला नाही, आणि ज्यांचा निघाला त्यांचाही फार क्षीण. नजर चुकवणं तर जवळपास शून्यावर. उलट, सराईत थापाड्याला ही समजूत माहीत असते, म्हणून तो मुद्दाम डोळ्यांत रोखून बघतो. तुमच्या पहिल्या दोघांनी नजरेला नजर दिली याचा अर्थ एवढाच की त्यांनी नजरेला नजर दिली.

कारण साधं आहे. खोटं बोलण्याची अशी स्वतंत्र शारीरिक खूण निसर्गानं दिलेलीच नाही. ताप मोजता येतो, साखर मोजता येते, तसं खोटं मोजता येत नाही. जे दिसतं ते भीती, लाज, ताण किंवा डोक्यावर पडलेला भार. भीती चोरालाही वाटते आणि आपल्यावर आळ येईल या धास्तीनं साधुसंतालाही वाटते. पॉल एकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं निरपराधाची भीती अपराधाची खूण समजण्याच्या चुकीला शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचं नाव दिलं. ऑथेल्लोला बायकोचं कासावीस होणं दिसलं आणि त्यानं त्याचा अर्थ ठरवूनच टाकला. तुमचा तिसरा पोरगा घामाघूम का झाला असेल? तो सगळ्यात नवीन असेल. घरी त्याच्या पगारावर चूल पेटत असेल. आधीच्या मालकानं त्याच्यावर खोटा आळ घेतला असेल. किंवा त्यानं दुसरंच काहीतरी केलेलं असेल, समजा खोकल्याच्या दोन बाटल्या ओळखीच्याला उधार दिल्या आणि लिहायचं राहून गेलं. किंवा त्यानंच गल्ल्यात हात घातला असेल. घाम या सगळ्यांत सारखाच येतो.

तुमच्या मित्रानं ज्या ‘मायक्रो एक्स्प्रेशन’चा उल्लेख केला, तेही एकमन यांच्यामुळेच गाजलं. सेकंदाच्या लहानशा अंशात चेहऱ्यावर उमटून जाणारा दाबलेला भाव, असं त्याचं वर्णन. असे भाव असतात, यात शंका नाही. पण स्टीफन पोर्टर आणि लिअन टेन ब्रिंक यांनी २००८ साली ६९७ भावमुद्रा चौकटीगणिक तपासल्या, तेव्हा त्यांत असे भाव सापडले चौदा. ते खऱ्या भावनेतही दिसले आणि खोट्यातही. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या वागण्यावरून संशयित हेरण्याची मोहीम २००७ पासून चालली. सहा वर्षांत सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाल्यावर तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०१३ साली लिहिलं की या खुणांवरून धोका ओळखता येतो याला पुरेसा पुरावा नाही, पुढचा निधी आवरा. उजवीकडे वर बघितलं तर खोटं आणि डावीकडे बघितलं तर खरं, ही तर निव्वळ भाकडकथा आहे. रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ती तपासून निकालात काढली, तरी प्रशिक्षणवर्गांच्या स्लाइडवर ती अजून जिवंत आहे.

आता यंत्राकडे येऊ, कारण तुमचा खरा जीव त्या एजन्सीच्या नंबरात अडकलाय.

यंत्र येण्याच्या खूप आधी आपल्याकडे दिव्य होतं, म्हणजे देवाच्या भरवशावर घेतलेली खऱ्या-खोट्याची परीक्षा. धर्मशास्त्रात सांगितलेल्या दिव्यांपैकी तंदुल दिव्य हे खास चोरीच्या आळासाठी. संशयितानं मंत्रवलेले तांदूळ चावून पानावर थुंकायचे. त्यात रक्त दिसलं किंवा अंगाला कंप सुटला की तो दोषी. भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते आणि कोरड्या तोंडानं कच्चा तांदूळ चावला तर हिरड्या सोलणारच. म्हणजे पॉलिग्राफचं तत्त्व तिथं आहे: शरीराची प्रतिक्रिया बघा आणि तिला खोटं म्हणा. वतनाच्या भांडणात मराठी मुलखात रवा काढायला लावत. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची, आणि काही दिवसांनी पंचांसमोर पिशवी सोडून फोड बघायचे. रव्यात तर तत्त्वही नाही, नुसती कातडी किती भाजली एवढंच. पण एक गोष्ट दोन्हींत होती आणि ती मी माझ्या खोलीत रोज पाहिली. दिव्यावर ज्याचा विश्वास असे, तो खोटा असेल तर दिव्याआधीच कबूल होत असे.

पॉलिग्राफचंही निम्मं काम तसंच चालतं. छातीला आणि पोटाला श्वास मोजणाऱ्या दोन नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घामाचा अंदाज घेणाऱ्या दोन पट्ट्या. १९२१ साली अमेरिकेत बर्कलीच्या पोलीस दलात जॉन लार्सन यांनी रक्तदाब आणि श्वास सलग नोंदवणारं यंत्र वापरायला सुरुवात केली, आणि आजचं संगणकाला जोडलेलं यंत्र त्याच गोष्टी मोजतं. त्यात खोट्याची अशी रेघ नसते. चाचणीआधी तासभर गप्पा होतात, सगळे प्रश्न आधी वाचून दाखवले जातात, कारण अनपेक्षित प्रश्नानं कुणीही दचकतो. मग गुन्ह्याचे प्रश्न आणि तुलनेचे प्रश्न आळीपाळीनं. तुलनेचा प्रश्न म्हणजे ‘आयुष्यात कधी आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याची फसवणूक केलीत का?’ अशासारखा, ज्याला बहुतेक माणसं अस्वस्थ होऊन ‘नाही’ म्हणतात. गृहीतक असं की निरपराध माणूस यावर जास्त उसळेल आणि अपराधी गुन्ह्याच्या प्रश्नावर. पण निरपराध माणसानं तसंच का वागावं? ज्या प्रश्नावर त्याची नोकरी आणि अब्रू टांगलेली आहे, त्यावर त्याचं काळीज धडधडणारच.

एका रखवालदाराचा आलेख मला अजून आठवतो. गोदामातला माल गेला होता. ‘माल कुणी नेला ते तुम्हाला माहीत आहे का?’ या प्रश्नावर त्याच्या तिन्ही फेऱ्यांत रेघा अक्षरशः कागद सोडून जात होत्या. मी चाचणी थांबवून चहा मागवला आणि नुसतं विचारलं, त्या रात्री काय झालं? माणूस रडायला लागला. तो झोपला होता. बायको दवाखान्यात, दिवसभर तिच्या उशाशी, रात्री ड्युटी, आणि दोन ते पाच तो झोपला होता. आपण जागे असतो तर चोर दिसला असता, ही बोचणी त्या आलेखात उतरली होती. मी चहा मागवला नसता तर अहवालात ‘खोटं बोलण्याकडे निर्देश’ असं वाक्य गेलं असतं, आणि ते वाक्य घेऊन पुढच्या अधिकाऱ्यानं काय केलं असतं ते सांगायला नको.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००३ साली पॉलिग्राफवर मोठा अहवाल दिला. एखाद्या ठरावीक घटनेच्या चौकशीत तो नाण्यापेक्षा बरा चालतो, अचूकतेच्या जवळपास मात्र जात नाही, असा त्यांचा सूर होता. त्यातलं एक गणित मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहितो. १०,००० कर्मचारी घ्या, त्यांत १० हेर आहेत. चाचणी अशी कडक लावली की दहातले आठ हेर पकडले जातील. तर ती एकूण सुमारे १,६०० लोकांवर बोट ठेवेल. म्हणजे आठ चोरांपायी जवळजवळ सोळाशे संन्यासी सुळावर, आणि दोन हेर तरीही सुटलेले. हे गणित हवेतलं नाही. सोव्हिएत संघाला माहिती विकणारा सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन चाचण्यांतून सहीसलामत बाहेर पडला होता. त्याच अमेरिकेत १९८८ पासून बहुतेक खासगी मालकांना नोकरांची अशी चाचणी घ्यायला कायद्यानं बंदी आहे, काही मर्यादित अपवाद सोडून.

यंत्राचा एक वापर मात्र मला मनापासून पटतो. डेव्हिड लिकन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली तो मांडला आणि जपानचे पोलीस तो नेमानं करतात. त्यात ‘तू केलंस का?’ असं विचारतच नाहीत. गुन्हा करणाऱ्यालाच माहीत असेल असा एक तपशील घेतात. समजा दागिने ज्यात गुंडाळून नेले ते फडकं. ओढणी होती का? टॉवेल? उशीचा अभ्रा? धोतर? रुमाल? माणूस सगळ्यांना ‘नाही’ म्हणतो. ज्याला काही माहीत नाही त्याला पाचही सारखेच. ज्यानं अभ्रा काढला त्याचं शरीर अभ्र्याशी थबकतं. निरपराधाची प्रतिक्रिया योगायोगानं खऱ्या पर्यायावर सर्वांत मोठी येण्याची शक्यता पाचात एक, आणि असे पाच प्रश्न घेतले तर पाचही वेळा तसं होण्याची शक्यता ३,१२५ मध्ये एक. इथं भीती नाही, ओळख मोजली जाते. अडचण एकच: तो तपशील बाहेर फुटलेला नसावा. आणि आपल्याकडे पंचनाम्याची शाई वाळायच्या आत अभ्र्याचा रंगसुद्धा टीव्हीवर आलेला असतो.

नार्को आणि ‘ब्रेन मॅपिंग’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल, म्हणून थोडक्यात. नार्कोत पेंटोथॉलसारखं गुंगीचं औषध देतात. माणूस बडबडतो, पण खरंच बडबडतो असं नाही. विचारणाऱ्यानं सुचवलेलंही तो आपलं म्हणून सांगतो. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या नार्कोचं चित्रण वाहिन्यांनी दाखवलं तेव्हा घरोघरी लोक ते कीर्तनासारखं ऐकत बसले होते. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात एमबीए करणाऱ्या तरुणीला जन्मठेप दिली आणि निकालात तिच्या मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार घेतला. डोक्याला इलेक्ट्रोड लावून गुन्ह्याची वाक्यं ऐकवायची आणि लहरींवरून तिनं ते ‘अनुभवलंय’ की नाही ते ठरवायचं, असा त्या तंत्राचा दावा. जगभरातले मेंदूशास्त्रज्ञ चकित झाले. त्याच वर्षी निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं या तंत्राला वैज्ञानिक आधार नसल्याचं सांगितलं, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयानं त्या तरुणीला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात तिन्ही चाचण्या सक्तीनं करायला मनाई केली. संमतीनं केली तरी चाचणीचा निष्कर्ष हा पुरावा होत नाही. तिच्या मदतीनं पुढे एखादी वस्तू सापडली तर तेवढ्याचा विचार होऊ शकतो. पॉलिग्राफची संमतीसुद्धा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची असते, वकिलाची सोय द्यायची असते. हे सगळं पोलिसांच्या तपासात. आता मला सांगा, तुमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर एजन्सीचा माणूस लॅपटॉप उघडून बसेल, समोर पगारावर अवलंबून असलेला पोरगा, त्यानं ‘नाही बसत’ म्हटलं तर तोच चोर ठरणार. त्या संमतीला काय अर्थ आहे?

मग करायचं काय? बघणं सोडा आणि विचारायला शिका. या क्षेत्रात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे काही खरोखर पुढे गेलंय ते इथं गेलंय.

खोटं बोलणाऱ्याला दोन कामं एकदम करावी लागतात: गोष्ट रचायची आणि ती तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टींशी विसंगत होऊ द्यायची नाही. म्हणून तो शक्य तितकं कमी सांगतो, आणि सांगितलंच तर पडताळता येणार नाही असं सांगतो. गालित नहारी आणि आल्डर्ट व्रिज या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की खोटं बोलणाराही तपशील भरपूर देऊ शकतो, फक्त ते तपासता येणारे नसतात. ‘चहा प्यायला गेलो होतो, गर्दी होती, ऊन होतं’ हा तपशीलच आहे. ‘कोपऱ्यावरच्या टपरीवर, यूपीआयनं वीस रुपये दिले, समोर कुरियरवाला उभा होता’ हाही तपशील आहे. दुसरा तपासता येतो. खरं बोलणारा आपणहून असे दुवे देत जातो, कारण त्याला तुम्ही तपासावं असंच वाटत असतं.

आणि एक उलटी गोष्ट. ‘नाही बुवा आठवत’, ‘थांबा, चुकलं, आधी ते गिऱ्हाईक आलं आणि मग मी बिल फाडलं’, असं मध्येच दुरुस्त करणं आपल्याला लटपटणं वाटतं. जर्मनीत साक्षीदारांच्या, विशेषतः लहान मुलांच्या जबाबांचं विश्लेषण करण्याची जी परंपरा १९५० च्या दशकापासून वाढली, तिच्यात ही खरेपणाकडे झुकणारी लक्षणं धरतात. रचलेली गोष्ट घोटीव असते. आठवणीतली ओबडधोबड असते. तुमच्या तिसऱ्याचं अडखळणं मला त्यामुळे वेगळंच वाटतं, पण तेही मी न ऐकता सांगतोय, तेव्हा त्यावर काही ठरवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुम्ही बहुधा चुकलात ते इथं. हातातली पानं आधी दाखवायची नसतात. स्वीडनमध्ये मारिया हार्टविग, पेर आंदर्श ग्रानहाग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पोलीस प्रशिक्षणार्थींवर एक प्रयोग केला. सगळ्यांना पुरावा सारखाच दिला होता. अर्ध्यांना तो कधी आणि कसा बाहेर काढायचा हे शिकवलं, अर्ध्यांना नाही. न शिकलेले ५६ टक्के बरोबर आले. शिकलेले ८५ टक्के. चेहरे तेच, पुरावा तोच, बदलला तो फक्त बोलण्याचा क्रम. प्रयोगशाळेतला आकडा प्रत्यक्षात तेवढाच येईल असं मी म्हणणार नाही, पण माझ्या अनुभवात दुसऱ्या कुठल्याही युक्तीनं एवढा फरक पडलेला नाही.

तुमच्या दुकानापुरतं सांगतो. समजा कॅमेऱ्यात दिसतंय की मंगळवारी रात्री पावणेनऊला एक पोरगा तुमच्या गैरहजेरीत गल्ल्याशी होता. तुम्ही काय करता? ‘तू पावणेनऊला गल्ल्याशी काय करत होतास?’ असं दरडावता. झालं. त्याला लगेच कळलं की तुमच्याकडे एवढंच आहे, आणि त्यानं ‘सुट्टे घ्यायला’ म्हटलं की तुमचं पान वाया गेलं. त्याऐवजी विचारा, ‘मंगळवारी आठपासून बंद होईपर्यंत काय काय झालं, सुरुवातीपासून सांग.’ आणि गप्प बसा. मधे तोडू नका. मग सहज, ‘त्या वेळात गल्ल्याशी कोण कोण होतं?’ ज्यानं सुट्टे घेतले तो म्हणेल, ‘मीच गेलो होतो की, पाचशेची मोड द्यायची होती.’ ज्याला लपवायचंय तो बहुतेक वेळा गल्ल्यापासून चार हात लांबून गोष्ट नेईल. मग सुट्ट्यांचा, मोडीचा, मालकानं सांगितलेल्या कामाचा, असे सगळे निरागस खुलासे एकेक करून विचारून घ्या आणि शेवटी कॅमेऱ्याचं सांगा. तेव्हाही ‘चोर सापडला’ अशा थाटात नाही. ‘हे जुळत नाही, समजावून सांग’ एवढंच.

इंग्लंडमध्ये काही निरपराध लोक कबुलीजबाबांच्या जोरावर वर्षानुवर्षं तुरुंगात राहिल्याचं उघड झालं. त्यानंतर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पोलिसांनी कबुलीच्या मागे लागणं सोडून माहिती गोळा करणारी मुलाखत स्वीकारली. दमदाटीनं तुम्हालाही कबुली मिळेल. घाबरलेला पोरगा ‘हो साहेब, मीच’ म्हणेल, पगारातून कापून द्यायला तयार होईल, आणि पुढच्या आठवड्यात गल्ला पुन्हा कमी भरेल.

उलट क्रमानं सांगायला लावणं, दुकानाचा नकाशा काढून कोण कुठं उभं होतं ते दाखवायला लावणं, अशा युक्त्याही व्रिज यांनी तपासल्यात. त्यांचा उपयोग होतो. किती होतो यावर संशोधकांत वाद आहे, आणि नवख्याच्या हातात त्या छळासारख्या होतात. तुम्ही त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि एक राहिलं. तुम्ही लिहिलंय ‘दर आठवड्याला दोन-तीन हजार’. हा आकडा तुम्ही तिघांनाही सांगितलात का? सांगितला असेल तर तो गेला, आता तो माहीत असण्यातून काही सिद्ध होत नाही. वार आणि वेळ अजून सांगितले नसतील तर ते तरी तोंडात ठेवा.

चौकशी पुन्हा सुरू करण्याआधी पंधरा दिवस रोज दोनदा गल्ला मोजा, दुपारी आणि बंद करताना, आणि बिलं, यूपीआयच्या जमा, परत आलेला माल, उधारीची वही हे सगळं त्याच वेळी जुळवा. मी पाहिलेल्या अशा तुटींपैकी काही शेवटी चोऱ्या नव्हत्याच. यूपीआयनं आलेले पैसे रोखीत धरले जात होते, किंवा परत केलेल्या गोळ्यांचे पैसे गल्ल्यातून दिले आणि बिल रद्द केलं नाही. तूट कुठल्या पाळीत पडते ते कळलं की तिघांऐवजी एक-दोन माणसं उरतील, आणि विचारायला चेहऱ्याऐवजी तारीख असेल. गल्ल्याची किल्ली किंवा बिलिंगचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे तेही एका कागदावर लिहून काढा. तुम्ही जाता जाता लिहिलंय की संध्याकाळी अधूनमधून मुलगा दुकानात बसतो. त्या कागदावर त्याचंही नाव घाला.